वय किती होतं त्यांचं?

प्रश्न अगदी साधा होता. फ्लॉरेन्समधल्या कशीने नावाच्या लांबच लांब बागेच्या पार शेवटच्या टोकाला, जिथं मुन्योने नावाचा ओढा आर्नो नदीला मिळतो, तिथं आम्ही दोघं उन्हं कलल्यावर पोचलो. बाकावर एक आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी एक थकलेलं कुत्रं जीभ काढून पडलं होतं. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. बायकोनं महिनाभरात जमवलेल्या इटालियनमध्ये सांगितलं, कोल्हापूरहून. आजींना ते कळलं नाही. तेव्हा तिनं समोरच्या दगडी छत्रीकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, हे आमच्या गावचे. आजी छत्रीतल्या फेटेवाल्या पुतळ्याकडं बघत राहिल्या, मग आमच्याकडं. ‘इंदियानो!’ म्हणत त्यांनी बायकोचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या लहानपणापासून इथं येतात, आणि ‘त्याच्या’ गावचं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होतं. थोडा वेळ गेल्यावर, आपल्या नात्यातल्या कुणाची चौकशी करावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, वय किती होतं त्यांचं?

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी गेली बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतो. माझी पदवी राजाराम कॉलेजची आहे.

मला उत्तर आलं नाही.

आजींनी समजल्यासारखी मान हलवली, कुत्र्याला उठवलं आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर मी कुंपणाला खेटून दगडावरची अक्षरं लावायचा प्रयत्न केला, पण उजेड संपला होता. नदीच्या बाजूनं डास उठले होते आणि कुठल्याशा फुललेल्या झाडाचा मधासारखा गोड वास सगळीकडं कोंदून राहिला होता. परतीच्या वाटेवर आम्ही फार बोललो नाही. फ्लॉरेन्सला आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे, ही ओळ कोल्हापुरात कोण ऐकत नाही? मीही ती ऐकलेली होती आणि वर्गात चार वेळा सांगितलेली होती. पण त्या ओळीच्या पुढं माझ्याकडं काहीच नव्हतं.

आम्ही तिथं काय करत होतो ते सांगायला हवं. बायको एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकांची डागडुजी करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीजवळचं तिचं माहेर पाण्यात होतं. माणसं वेळेत बाहेर पडली. सासऱ्यांची ट्रंक राहिली. सासरे तोपर्यंत जाऊन चार वर्षं झाली होती. ते गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते आणि रोज रात्री जेवण झाल्यावर रोजनिशी लिहायचे. अशा एकतीस वह्या त्या ट्रंकेत होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही घर उघडलं तेव्हाचा वास मला अजून येतो. गाळ, डिझेल, सडका गूळ आणि भिजलेल्या गाद्या, सगळ्याचा मिळून एक. गल्लीत ट्रॉल्या उभ्या होत्या आणि जो तो आपला संसार त्यांत टाकत होता. वीस वह्यांचा लगदा झालेला, त्या गेल्या. उरलेल्या अकरा बायकोनं ओढणीत बांधून आमच्या घरी आणल्या आणि पंख्याखाली मांडल्या. त्या वाळल्या, पण विटेसारख्या. पान पानाला चिकटलेलं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जोडली होती आणि आता बापाच्या वहीचं एक पान तिला सोडवता येत नव्हतं.

तिनं शोध घेतला, पत्रं लिहिली, आणि फ्लॉरेन्सला मे महिन्यात चार आठवड्यांचा कागद-संवर्धनाचा उन्हाळी वर्ग असतो असं कळलं. तिच्या वयाची तिथं कुणीच नसेल म्हणून ती बिचकत होती. मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. वर्ग तिचा आणि सोबत मी, शाळेला सुट्टी होतीच. वर्ग संपल्यावर पंधरा दिवस जरा युरोप बघू, असं ठरलं. पॅरिसची तिकिटंसुद्धा काढून ठेवली होती.

हे सगळं फ्लॉरेन्सलाच का शिकवतात, याचं उत्तर तिथल्या भिंतींवर आहे. सांता क्रोचेच्या आसपासच्या गल्ल्यांत डोक्याच्या कितीतरी वर संगमरवरी पाट्या लावल्यात आणि त्यांवर एक रेघ असते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचं पाणी इथवर आलं. सान रेमिजो गल्लीच्या कोपऱ्यावर दोन पाट्या एकाखाली एक आहेत. खालची १३३३ सालची. तिच्यावर लाटांकडं बोट दाखवणारा एक हात कोरलाय, आणि त्या पुराची तारीखही ४ नोव्हेंबरच. त्या पाट्यांखाली उभं राहिल्यावर मला कोल्हापुरातला व्हीनस कॉर्नर आठवला. आमच्याकडंही लोकांनी भिंतींवर खुणा केल्या होत्या, कुणी खडूनं, कुणी रंगानं. पुढच्या दिवाळीत रंग काढला तेव्हा बहुतेक पुसल्या गेल्या. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा, मागच्या वेळी कुठवर होतं रे, हे आम्ही एकमेकांना विचारत होतो.

१९६६ च्या पुरात नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांहून जास्त पुस्तकं आणि कागदपत्रं भिजली. शिकवणाऱ्या बाई त्या दिवसांबद्दल सांगायच्या आणि बायको संध्याकाळी ते सगळं मला सांगायची. जगभरातली तरुण पोरं आपणहून आली, चिखलात साखळी करून उभी राहिली आणि एकेक पुस्तक हातोहात वर काढलं. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले. आधी पाणी शोषायला पुस्तकांवर लाकडाचा भुसा टाकला, पण तो पानांना असा चिकटला की पुढं तो काढायचंच वेगळं काम होऊन बसलं. मग पुस्तकं ट्रकांत भरून तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत नेली. हे ऐकून बायको वर्गात एकदम बोलून गेली होती, आमच्या शेजारी निपाणी आहे! कुणाला काही कळलं नाही, पण मला ती सांगत होती तेव्हा आम्हा दोघांच्याही नाकात वखारीचा तो खाट आला. इंग्लंडहून पीटर वॉटर्स, क्रिस्टोफर क्लार्कसन असे बांधणीकार आले आणि त्यांच्या हाताखाली पुस्तक वाचवायचं एक नवं शास्त्र उभं राहिलं. क्लार्कसन यांना एक गोष्ट दिसली. जाड पुठ्ठ्यांच्या, डिंक चोपडलेल्या, दिमाखदार बांधणीच्या पुस्तकांचे हाल झाले होते. मऊ चर्मपत्रात नुसती टाक्यांनी बांधलेली साधी पुस्तकं मात्र त्यांच्या मानानं धड राहिली होती. बायकोला यावरून मोडी कागदांचे रुमाल आठवले. कापडात सैल बांधलेले ते गठ्ठे, आणि काजळीच्या शाईनं बोरूनं लिहिलेली अक्षरं, जी पाण्यानं फुटत नाहीत. फाउंटन पेनची शाई फुटते, पसरते, जाते. सासरे फाउंटन पेननं लिहायचे. पुढं कधीतरी त्यांनी बॉलपेन धरलं. कोणत्या वहीपासून ते आठवायचा ती रात्री अंथरुणात पडून प्रयत्न करायची.

पहिल्याच आठवड्यातली एक दुपार मात्र ती हरखून परत आली. फाटकं पान जपानी कागदाच्या तलम तुकड्यानं जोडायचं, तर त्याला लागणारी खळ कशी करायची ते त्या दिवशी शिकवलं होतं. काचेच्या बरणीतून बाईंनी पांढरी भुकटी काढली. गव्हाचं सत्त्व, त्यातला चिकट भाग धुऊन काढलेला. ते पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवायचं आणि एकसारखं ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, पांढरा रंग जाऊन ते काचेसारखं दिसायला लागेपर्यंत. “अहो, कुरडयांचा चीक!” ती दारातूनच म्हणाली. “तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, वरचं पाणी ओतून द्यायचं, खाली राहतो तोच की हो!” वर्गात तिनं चमचा हातात घेतला तेव्हा ढवळायची सवय तिच्या मनगटात होतीच. बाईंनी विचारलं, कुठं शिकलात? तिनं सांगितलं, आईकडं, गच्चीवर, उन्हाळ्यात. आम्ही लोक एवढं सगळं करून ते खातो, हेही सांगितलं. त्या मेमध्ये घरी कुरडया घातल्या नव्हत्या याची तिला रुखरुख होतीच, ती त्या दिवशी थोडी कमी झाली.

माझे दिवस सकाळी तिला वर्गावर सोडलं की सुरू व्हायचे. आमची खोली नदीपलीकडं सान फ्रेदियानो भागात होती. खाली एक चौकटी करणारा सुतार, शेजारी चामड्याचं काम करणारा. कोल्हापुरात पापाची तिकटीजवळ चपलांच्या दुकानांतून येतो तो कातड्याचा वास सकाळी खिडकीतून यायचा आणि अर्धवट झोपेत मला आपण कुठं आहोत ते कळायचं नाही. तिथला पाव अळणी असतो, सगळ्या तोस्कानात मिठाशिवायच करतात. आम्ही त्यावर घरून नेलेली कांदा-लसूण चटणी पसरून वर त्यांचं ऑलिव्हचं तेल घालायचो. बाजारात गाड्यावर गाईच्या पोटातला एक भाग उकडून पावात घालून देतात. मी खाल्ला आणि वजडीच्या रश्श्याची इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. ब्रुनेल्लेस्कीचा घुमट, डेव्हिडचा पुतळा, उफ्फीत्सीतली चित्रं हे सगळं मी पाहिलं आणि ते खरोखर तेवढंच मोठं आहे. पण आम्ही दोघं मिळून सगळ्यात जास्त वेळ बसलो ते सांता क्रोचेत, वासारीनं लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या शेवटच्या भोजनाच्या चित्रासमोर. १९६६ ला ते तासन्‌तास पाण्याखाली होतं. लाकूड फुगलं, रंग सुटायला लागला. त्यावर कागद चिकटवून रंग धरून ठेवला आणि चित्र वखारीत ठेवून दिलं, कारण ते दुरुस्त कसं करायचं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते पुन्हा भिंतीवर लागलं २०१६ साली. पन्नास वर्षं.

“मला अकराच वह्या आहेत,” बायको म्हणाली.

छत्री पाहायला जायचं आम्ही पहिल्या दिवसापासून पुढं ढकलत होतो. वर्ग संपत आला तेव्हा गेलो, आणि तो प्रश्न घेऊन परतलो. रात्री खोलीवर येऊन मी फोनवर शोधायला बसलो. राजाराम महाराज. जन्म एप्रिल १८५०. दत्तक येऊन १८६६ साली गादीवर. १८७० च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, जे जे बघण्यासारखं आणि शिकण्यासारखं होतं ते बघत फिरले आणि रोजनिशी लिहीत राहिले, इंग्रजीत. परतताना जर्मनी करून, आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. वाटेत आजारी पडले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथल्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. दहनाला त्या मुलखात परवानगी नसायची, ती खास मिळवली, आणि धर्माप्रमाणं नदीच्या संगमावर, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथंच, चिता रचली. चार वर्षांनी, १८७४ ला, छत्री उभी राहिली. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल ज्यांनी आखला तेच हे मँट. म्हणजे टाउन हॉलच्या बागेत झाडाखाली बसून ज्या इमारतीकडं बघत आम्ही लग्नाआधी तासन्‌तास बोललो, ती आखणाऱ्याचाच हात आर्नोच्या काठावर होता.

“वीस,” मी म्हणालो. “वीस वर्षांचे होते.”

ती खिडकीत वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं पेन ठेवलं आणि पुण्याला मुलीला फोन लावला. आमची मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिकडं रात्रीचा दीड वाजला होता. पोरगी घाबरून उठली. “काही नाही गं, सहज केला,” बायको म्हणाली आणि मग बराच वेळ जेवलीस काय, पाणी येतंय का होस्टेलवर, असलं काहीबाही विचारत राहिली.

मी जागा होतो. राजाराम कॉलेज, राजाराम तलाव, राजारामपुरीच्या गल्ल्या, राजाराम बंधारा. दिवसातून किती वेळा हे नाव तोंडात येतं. राजारामपुरी वसली ती नंतरच्या राजाराम महाराजांच्या, शाहू महाराजांच्या मुलाच्या नावानं. कॉलेज १८८० चं, ते या विशीतल्या पोराच्या नावाचं. मी त्या कॉलेजच्या पायऱ्यांवर तीन वर्षं बसलो आणि हे कोणते राजाराम असं एकदाही विचारलं नाही. तिकडं त्या शहरानं त्याला ठेवून घेतलंय. बागेचं ते टोक त्याच्या नावानं ओळखतात. १९७८ साली जवळच नदीवर तारांचा मोठा पूल झाला, त्यालाही इंदियानोचाच पूल म्हणतात. रोज हजारो गाड्या ते नाव घेत जातात. पण इंदियानो म्हणजे नुसता ‘भारतीय’. त्यांनी माणूस जपला आणि नाव विसरले. आम्ही नाव जपलं, इमारतींवर, वस्त्यांवर, तलावावर, आणि माणूस कधी निसटला ते कळलं नाही. बाकावरच्या आजी त्याची विचारपूस करत होत्या आणि त्याच्या गावचा मास्तर गप्प होता. हे मला लागलं. अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच पुन्हा गेलो. वाटेत ‘व्हेन्ती’ हा शब्द घोकत होतो, व्हेन्ती म्हणजे वीस. आजी आल्या नाहीत. मी छत्रीभोवती फिरलो. फेट्याचा आणि अंगरख्याचा रंग, गळ्यातले दागिने, कोवळा चेहरा. आदल्या दिवशी मी फेटा पाहिला होता, चेहरा पाहिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बायकोनं संगमाच्या पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला, आमच्याकडं प्रयाग चिखलीच्या संगमावर लावतात तसा. चौथ्या दिवशी वर्गाचा निरोप होता, तरी मी जाऊन आलो. बाक रिकामा होता.

पॅरिसची तिकिटं आम्ही सोडून दिली. पैसे बुडाले, पण दोघांनाही तिकडं जावंसं वाटेना. आधी रोमला दोन दिवस गेलो. कलोसियम बघून शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आत उभा राहिल्यावर मला सारखी माती शोधाविशी वाटत होती. मग उत्तरेला व्हेनिस, आणि तिथून ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक, पुढं म्युनिक. ते इटलीत उतरले ते याच पर्वतापलीकडून. ब्रेनरची रेल्वे १८६७ पासून आहे. खिडकीतून जून महिन्यातही शिखरांवर बर्फ दिसत होतं. बायको शाल पांघरून बसली होती. आजारी माणसाला घेऊन हे डोंगर ओलांडायचे, नोव्हेंबरात, असं ती मध्येच म्हणाली. बाकीची गावं चांगली होती. मी फोटो काढले आहेत.

घरी आलो तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता आणि पावसाची झड लागली होती. जुलैच्या पहिल्या रविवारी बायकोनं पहिली वही काढली. जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर टिपकागद, बाजूला हाडाची पट्टी, बाटलीत गाळलेलं पाणी आणि वाटीत चीक. चिकटून वाळलेलं पान सोडवायचं तर त्याला पुन्हा ओल द्यावी लागते, हे ती तिथं शिकली. पाणी ओतायचं नाही, नुसती वाफ लागल्यासारखी ओल, आणि मग वाट बघायची. पहिल्या दिवशी दोन पानं सुटली. त्यांवर निळसर डागांखेरीज काही नव्हतं. तिनं तीही टिपकागदांत घालून वजनाखाली ठेवली. मी म्हणालो, कोरीच आहेत ना? ती म्हणाली, कोरी नाहीत, धुतलेली आहेत.

मी त्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात विचारलं, राजाराम कॉलेज कुणाच्या नावाचं? हात वर आले. राजाराम महाराजांच्या. कोणत्या? वर्ग गप्प झाला. मग मी खडू ठेवला आणि संगमावरच्या चितेपासून सुरुवात केली. एका मुलानं शेवटी विचारलं, सर, त्यांची आई कुठं होती तेव्हा?

मी तेही शोधतोय.

परवा रात्री जेवणं आटोपली होती. खिडकीबाहेर पाऊस एकसारखा लागला होता. मेहुण्याचा मेसेज आला, पाऊस सुरू झाला की बंधाऱ्यावरची पातळी तो रोज पाठवतो तसा. राजाराम ३१ फूट ४ इंच. मी तो मोठ्यानं वाचला. बायको दिव्याखाली वाकली होती. चौथ्या वहीतलं एक पान कोपऱ्यातून उचललं गेलं होतं आणि तिनं पट्टी आत सरकवली होती. श्वास धरून ती पट्टी तसूतसूनं पुढं नेत होती. पान सुटलं. बॉलपेनची अक्षरं, उजवीकडं कललेली, एका कडेनं गेलेली. ‘पाऊस दिवसभर. भाव उतरला. पोरीला छत्री’ एवढंच वाचता येत होतं, पुढं डाग.

“टेबलाला हात लावू नका,” ती म्हणाली. “अजून ओलं आहे.”